रिकाम्या टाकीचं टोपण

मी पाण्याला घाबरतो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी शूर वाटलो तर वाचणाऱ्याने ती माझी थाप समजावी. निमगाव साव्यातल्या आमच्या विहिरीत चुलत्यांनी माझ्या कंबरेला पत्र्याचा डबा बांधला आणि मला ढकललं. डबा सुटला. खाली जाताना वरचं आभाळ परातीएवढं होतं, मग ताटाएवढं झालं, वाटीएवढं झाल्यावर मी डोळे मिटून घेतले. वर काढलं तेव्हाही ते मिटलेलेच होते म्हणतात, आणि आई दोन बोटांनी पापण्या उघडून बघत होती. पुढे पोहायला शिकलोच नाही असं नाही. चार हात मारतो. पाचवा मारावा लागेल तिथे जात नाही, एवढंच. शेतात शेततळं केलं तेव्हा पाणी सोडायच्या आधी मी त्याला तारेचं कुंपण घातलं, चारी कोपऱ्यांना दोर सोडले आणि दोरांच्या टोकांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब बांधल्या. बायको सगळं बघून म्हणाली, "आता त्यात पाणी सोडायचंय का, का नकोच?"

अशा माणसाच्या पोटी मुलगी आली ती पाण्याखाली जाणारी.

ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिथेच कुठल्याशा तलावात पाठीवर हवेची टाकी बांधून बुडायला शिकली, आणि शिकता शिकता जावईही तिथेच सापडले. जावई चांगले आहेत, तक्रार एकच, त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. सुट्टी मिळाली की दोघं समुद्रावर जातात. ह्या वर्षी संक्रांतीच्या आधी चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा लेकीचा फोन आला.

"पप्पा, ह्या वेळी आत्याकडं जायचं. डायव्हिंगला."

"तिथं बघण्यासारखे मासे तरी आहेत का?"

फोन स्पीकरवर असावा, कारण जावयांनी उत्तर दिलं. "मासे नाही पप्पा. खाली गाव आहे."

ही आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. शिनोलीच्या पुढे, डिंभे धरणाच्या पाण्याकाठी तिचं घर आहे. लग्न होऊन गेली तेव्हा तिचं सासर खाली होतं, आता जिथे पाणी आहे तिथे. धरण भरत गेलं तशी माणसं वर सरकत गेली. दाजी वारले, भाचा नाशकात स्थिरावला, अक्का मात्र एक म्हैस आणि भाताची खाचरं धरून राहिली. पावसाळ्यातलं गढूळ पाणी जानेवारीपर्यंत निवळतं, आणि काठावरून बघितलं तर आतले दगड दिसायला लागतात. तेवढं मलाही माहीत होतं. त्या दगडांपर्यंत जाऊन बघावं असं कोणाला वाटेल, हे माहीत नव्हतं.

जावई धरणावरच्या साहेबांना भेटून आले, भिंतीपासून लांब राहायचं कबूल करून परवानगी मिळवली. टाक्या भाड्याने मिळतात त्या मोशीच्या बाजूला एका गाळ्यात. दुकानदाराकडे चारच शिल्लक होत्या, बाकीच्या कोकणात गेलेल्या. एका वेळी दोघांना दोन लागतात. त्यामुळे सकाळच्या दोन संपल्या की त्या परत न्यायच्या आणि भरलेल्या आणायच्या, असं ठरलं. आपल्या गॅससारखंच, रिकामी द्या, भरलेली घ्या.

मीही माझी पिकअप घेऊन अक्काकडे पोचलो होतो. तिच्या पडवीत लेकीने त्या चारही टाक्या भिंतीला लावून उभ्या केल्या आणि आम्हा दोघा भावंडांची शाळा घेतली. टाकीच्या तोंडावर पिवळं प्लॅस्टिकचं टोपण असेल तर ती भरलेली. तोंड उघडं असेल तर रिकामी. "एवढंच लक्षात ठेवा. टोपण म्हणजे भरलेली." मग ती हवा मोजायच्या काट्याचं काहीतरी सांगायला लागली, पण तेवढ्यात जावयांनी एक टाकी उचलून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "पप्पा, ट्रकच्या टायरमध्ये असते ना, त्याच्या पंचवीसपट प्रेशरची हवा आहे हिच्यात." मी दारापर्यंत मागे सरकलो. पुढचं मला ऐकू आलं नाही.

अक्का जागची हलली नव्हती. तिने टाकीवर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवते तसा. "आन खाली जाऊन बघनार काय तुमी?"

"तुम्ही सांगाल ते," जावई म्हणाले.

"पिंपळाचा पार व्हता. मी नवरी म्हणून आले तवा गाडीतून त्याच्यावरच उतरले. गावात शिरलं की दगडी भिंत, भिंतीच्या कडंनं गेलं की पार, आन पाराच्या पुढं आमचं दार. बगा पार सापडतोय का. आन न्हाई सापडला तरी सापडला म्हणा पावणं, मला काय कळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यांदा उतरले. बोटीतून उडी वगैरे नाही, काठावरून चालत चालत पाण्यात जायचं. काळे अंगाला चिकटणारे कपडे, पायात रबरी बूट, पाठीवर टाकी, तोंडात नळी. बुटांसाठी काढलेल्या चपला काठावर ठेवल्या आणि लेक माझ्याजवळ आली. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला नारिंगी फुगा.

"हा फुगा वर तरंगत राहील. आम्ही जाऊ तिकडं तो येईल. फुगा दिसतोय तोवर आम्ही ठीक आहोत असं समजायचं. कळलं ना पप्पा?"

"कळलं."

नंतर त्यांनी आणखी काय काय केलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले. मुद्दाम नव्हे. ती पाण्याकडे वळलेली दिसली आणि पापण्या आपोआप खाली आल्या. उघडले तेव्हा पाण्यावर फक्त फुगा होता. पाऊण तास मी त्या फुग्याकडे असा बघत राहिलो की तो फुटला असता तर माझ्यामुळेच फुटला असता.

वर आले ते हसत. भिंत सापडली होती, पार नाही. दुपारी भिंतीच्या दुसऱ्या टोकाने जाऊ म्हणाले. जेवताना जावई अक्काला सांगत होते, की पाण्याखाली बोलता येत नाही पण आवाज लांबवर जातो, टाकीवर नुसतं ठोकलं तरी जोडीदाराला ऐकू येतं. अक्का भाकरी थापता थापता ऐकत होती.

टाक्या बदलायला जावईच जाणार होते. मी म्हणालो, मी जातो. सगळ्यांना वाटलं मी जावयांचा मान ठेवला. खरं सांगायचं तर दुपारी पुन्हा त्या काठावर उभं राहण्यापेक्षा चाकणचं ट्रॅफिक बरं, असा विचार मी केला होता. ते दोघं जेवून आडवे झाले. मी पडवीत आलो. दोन टाक्यांना टोपण होतं, दोन उघड्या होत्या. उघड्या उचलल्या, टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाटात गुंडाळून पिकअपमध्ये ठेवल्या आणि निघालो. उचलताना जड लागल्या. पण मला हल्ली सगळंच जड लागतं.

मोशीला दुकानदाराने टाकी टेबलावर घेतली, तिच्या तोंडाला काटा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, ह्या कशाला परत आणल्या?"

"रिकाम्या आहेत. बदलून द्या."

"कुणी सांगितलं रिकाम्या?" त्याने काट्याची काच माझ्याकडे फिरवली. दुसरीलाही लावून बघितला. "गच्च आहेत दोन्ही. मी दिल्या तशाच. घरी किती राहिल्या?"

"दोन."

"मग त्या रिकाम्या असणार," तो म्हणाला आणि हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. "अहो काका, घाबरताय काय? उतरायच्या आधी गेज बघतातच. शिकलेले आहेत ना दोघं?"

"हो."

"मग बघतील." टाकी खाली ठेवत म्हणाला, "बहुतेक."

त्याने तो शब्द सहज वापरला असेल. पाऊस येईल का, बहुतेक. तसा. मला धीर द्यायला पुढे म्हणाला, "आणि रिकामी म्हणजे अगदी रिकामी नसते. थोडी हवा राखूनच वर येतात. खाली जाईपर्यंत आरामात पुरते."

खाली जाईपर्यंत. म्हणजे ती टाकी माझ्या मुलीला तळाशी नीट पोहोचवणार, आणि मग संपणार.

मी त्याच दोन टाक्या उचलून परत पिकअपमध्ये टाकल्या. ह्या वेळी जड लागल्या की नाही आठवत नाही. तो मागून काहीतरी ओरडत होता, गोणपाट राहिलं म्हणून असावं.

लेकीला फोन लावला. फोनमधल्या बाई म्हणाल्या, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. जावयांना लावला, त्याच बाई. अक्काच्या वस्तीवर रेंज नसतेच, एक टेकाड आहे त्याच्यावर चढलं तर येते. अक्काचा फोन मात्र घराच्या एका कोनाड्यात ठेवला की लागतो, तेवढीच जागा आहे, म्हणून तो कायम कोनाड्यात आणि अक्का कायम गोठ्यात. वाजून वाजून बंद झाला.

चाकणला कंटेनरच्या मागे अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला शाळेची बस, आणि मी स्टिअरिंगला धरून एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होतो. सकाळी उतरायच्या आधी तिने काटा बघितला होता का? चपला काढल्या ते आठवत होतं. फुगा दाखवला ते आठवत होतं. पुढे काळोख. माझ्याच पापण्यांचा. जो एक क्षण बघायला पाहिजे होता तेवढाच मी बघितला नव्हता, आणि आता कितीही डोळे ताणले तरी तो दिसणार नव्हता.

मग डोकं नको तिकडे चालायला लागलं. काटा लावतात हे खरं, पण सुट्टीत माणूस ढिला पडतो. मी नाही का, ट्रॅक्टरचं ऑइल बघतो म्हणतो आणि बघत नाही. जावई तर बघणारच नाहीत, त्यांना कशाची भीतीच वाटत नाही. टोपण आहे ना, म्हणजे भरलेली, चला. लेकीनेच केलेला नियम, लेकीचाच विश्वास. खेड मागे पडलं. मंचरच्या फाट्याला एका बटाट्याच्या ट्रकवाल्याने मला अशी शिवी दिली की एरवी मी गाडी थांबवून जाब विचारला असता. त्या दिवशी मी त्याला हात जोडले. बायकोला फोन करावा असं दोनदा मनात आलं आणि दोनदा केला नाही. तिला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत होतं. भीतीत माणूस असंच काहीतरी धरून बसतो.

घोडेगाव सोडलं आणि अक्काने फोन उचलला.

"कोन?"

"अक्का, मी. पोरं कुठायत?"

"पान्यावर गेली असतील. मी धार काढत व्हते, गाडीचा आवाज ऐकला."

"पडवीत टाक्या आहेत का बघ."

पायांचा आवाज गेला, आला. "एक बी न्हाई. का रं?"

"अक्का, मी बिनटोपणाच्या नेल्या बदलायला. त्या भरलेल्या निघाल्या."

"बिनटोपणाच्या कशापायी न्हेल्यास?" ती माझ्यावरच उखडली. "टोपणाच्या न्ह्यायच्या व्हत्या! तुज्यासाठी तर लावली मी टोपणं!"

"तू लावलीस?"

"मग? उघड्या तोंडाची टाकी घेतो व्हय कुनी? आपला गॅसवाला बिनटोपणाच्या टाकीला हात तरी लावतो का? मागल्या टायमाला टोपान सापडत नव्हतं तर टाकी ठेवून गेला न्हाई व्हय तो! म्हणून भरलेल्यांची काढली आन रिकाम्यांना घातली. भरलेल्या घरातच ऱ्हायच्या, त्यांना काय करायचंय टोपान?"

तिचं चुकलं कुठे हे मला कळेना. आमच्या सगळ्या घरांत असंच करतात. रिकाम्या सिलिंडरला टोपण घालायचं, दोरी नीट करायची, आणि दाराशी ठेवायचं. माझी आईही असंच करायची. पडवीत अक्काच्या जागी मी झाडू मारत असतो तर मीही तेच केलं असतं.

"भाऊ," तिचा आवाज एकदम खाली आला. "मग पोरं कंच्या घिऊन गेली?"

मी ॲक्सिलरेटर दाबला.

फोन तिने बंद केला नाही, नुसता टाकला असावा, कारण पुढचं सगळं मला ऐकू येत होतं. भांडं खणखणलं. दार आपटलं. म्हैस हंबरली. मग फक्त म्हैस.

शिनोलीपासून पुढचा रस्ता पाण्याच्या कडेने वळत वळत जातो. एरवी पाहुण्यांना मी तिथे गाडी थांबवून देखावा दाखवतो. त्या दिवशी प्रत्येक वळणावर पाणी समोर यायचं आणि मी फुगा शोधायचो. ते पाणी भलतीकडचं, तिथे फुगा असायचं कारणच नव्हतं, तरी शोधायचो. ऊन उतरलं होतं. डोंगराची सावली अर्ध्या पाण्यावर आली होती आणि सावलीतलं पाणी काळं दिसत होतं.

वर करवंदीच्या जाळीशी त्यांची गाडी उभी होती. तिच्यात कोणी नव्हतं. पिकअप तशीच सोडून मी खाली पळालो. पळालो म्हणजे माझ्या वजनाचा माणूस उतारावर जे काही करतो ते केलं.

काठावर दोन जोड चपला होत्या, पाण्याकडे तोंड केलेल्या, एकमेकींना लागून. शेजारी टॉवेल, त्यावर पाण्याची बाटली.

पाण्यावर फुगा नव्हता.

ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. नव्हता. "फुगा दिसतोय तोवर आम्ही ठीक." तो दिसत नसला तर काय समजायचं, ते तिने सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

आणि पाण्यात अक्का उभी होती. कंबरेच्या वर पाणी, लुगडं फुगून आजूबाजूला पसरलेलं, हातात स्टीलची थाळी आणि उलथनं. ही थाळी तिच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. संध्याकाळी गोठ्याकडे जाताना बिबट्या आसपास असेल तर पळावा म्हणून ती वाजवत जातात, तिकडे घराघरात असते. अक्का ती थाळी निम्मी पाण्यात बुडवून बडवत होती आणि पाण्याकडे बघून ओरडत होती. "वर या गं! हवा न्हाई त्यात! वर या!"

मी आत गेलो. बूट, पॅन्ट, खिशातला मोबाइल, सगळ्यासकट. पाणी असं गार होतं की छातीत कोणीतरी मूठ मारावी. खाली गाळ, पाय घोट्यापर्यंत जात होता.

"अक्का, मागं फिर!"

"तू फिर! तुला पवाया येत न्हाई!"

"तुला येतंय?"

"न्हाई!" ती ओरडली आणि पुन्हा थाळी बडवली. "पन मला ऐकवाया येतंय! पावण्यांनीच सांगितलंय, आवाज जातोय खाली!"

मी तिच्या पुढे गेलो. पाणी खांद्याला लागलं आणि पुढच्या पावलाला पायाखाली काही नव्हतं. चार हात मारले. पाचवा मारला. सहावाही मारला असावा. मग मला कळेना आता काय करायचं, म्हणून मी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. डोकं पाण्याखाली घातलं आणि डोळे उघडले.

काही नव्हतं. हिरवं होतं. माझे स्वतःचे हात होते, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे पांढरे. त्याच्याखाली हिरव्याचं काळं होत गेलेलं, आणि त्या काळ्यात कुठेतरी एक गाव, एक भिंत, आणि माझी पोर. कानात टण्, टण्, थाळीचा आवाज येत होता. जावई म्हणाले ते खरं होतं, पाण्याखाली तो सगळीकडून येतो. मी तिची वाट बघत राहिलो, जमेल तेवढा. हातापायांना कळलं की बास, तेव्हा मी नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो. हातपाय झाडत मागे आलो तशी अक्काने उलथनं टाकून माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि ओढलं.

"आत्या! आत्या, कुठाय बिबट्या?"

आवाज मागून आला. वरून, टेकाडाच्या बाजूने.

लेक उतारावरून धावत येत होती. काळे कपडे, रबरी बूट, हातात मोबाइल. तिच्या मागे जावई, हातात एक वाळकं लाकूड धरून, बिबट्यासाठी. दोघंही कोरडे. अर्ध्यात येऊन ते थांबले आणि आमच्याकडे बघायला लागले. अक्काच्या एका हातात थाळी होती, दुसऱ्यात माझी कॉलर.

"पप्पा?" लेक म्हणाली. "तुम्ही पाण्यात काय करताय?"

मी खोकत होतो.

झालं होतं ते असं. काठावर येऊन कपडे बदलले, टोपण काढलं, काटा लावला, दोन्ही टाक्या जवळजवळ रिकाम्या. त्यांना वाटलं दुकानदाराने घोळ घातला. टाक्या, फुगा, सगळं पुन्हा गाडीच्या डिकीत ठेवलं आणि मला सांगायला टेकाडावर चढले, बूट पायात होतेच म्हणून चपला तशाच खाली राहिल्या. तिथे रेंज येत होती, जात होती. लागला तेव्हा दर वेळी माझा फोन बिझी, अक्काने टाकलेला फोन अजून चालूच होता. पुन्हा लावणार तेवढ्यात खालून थाळी ऐकू आली. आल्या दिवशीच अक्काने बजावून ठेवलं होतं, थाळी वाजली की समजायचं बिबट्या आलाय. आत्या एकटी आहे म्हणून दोघं पळत सुटले.

सांगता सांगता लेक हसायला लागली होती. मग तिचं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं. पाणी बाहेर येत होतं, चालताना पचक पचक वाजत होतं. तिचं हसू गेलं.

"पप्पा, मी काटा बघते. दर वेळी. पाण्यात पाय ठेवायच्या आधी दोनदा बघते."

"मला माहीत नव्हतं."

"सकाळी तुमच्यासमोरच बघितला की. तुमच्यापासून हाताच्या अंतरावर."

"मी डोळे मिटले होते," मी म्हणालो.

तिने टॉवेल उचलून माझ्या डोक्यावर टाकला आणि केस पुसायला लागली, लहानपणी मी तिचे पुसायचो तसे, जरा जास्तच जोरात. टॉवेलच्या आत असल्यामुळे माझं तोंड कोणाला दिसलं नाही ते बरं झालं.

त्या संध्याकाळी चुलीसमोर बसून जावयांनी अक्काला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी रिकामी टाकी तुमी उघड्या तोंडानं गावभर फिरवता."

"हो आत्या. तशीच पद्धत आहे."

"बरं दिसतं का ते?" ती म्हणाली. मग उठली, पडवीत गेली, टोपणं गोळा करून आणली आणि पदराला गाठ मारून त्यात बांधली. "आता ही माज्यापाशी. कुनाला बी टोपान पायजे आसंल तर मला सांगायचं, कंच्या टाकीला आन कशापायी."

सकाळी त्यांना पुन्हा उतरायचं होतं. मी म्हणू शकलो असतो, नको. आदल्या रात्री अंथरुणात ते वाक्य मी तयार करून ठेवलं होतं. पण पिकअपमध्ये दोन टाक्या होत्या, मीच मोशीपर्यंत नेऊन तशाच परत आणलेल्या. अख्ख्या सुट्टीत मी केलेलं काम तेवढंच. ते कसं वाया घालवू?

काठावर लेकीने मला जवळ बोलावलं. काटा लावला, माझं बोट धरलं आणि काचेवर ठेवलं. "बोला, किती?"

"दोनशे."

"परत बघा."

परत बघितलं. दोनशेच होते. जावयांच्या टाकीवरही बघितले, ते निमूटपणे पाठ करून उभे राहिले. टाक्या दोन्ही भरलेल्या होत्या आणि माझी भीती जिथे होती तिथेच होती, काट्याने तिच्यात काही फरक पडला नव्हता.

लेक चालायला लागली. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कंबरेला. मी ठरवलं होतं. आज बघायचं. पाणी तिच्या छातीशी आलं.

"भाऊ," शेजारून अक्का म्हणाली, "डोळं उघड."

"उघडेच आहेत."

"मला दिसतंय ना."

मी उघडले. लेकीने मागे वळून हात वर केला, मला तो दिसला. मग तिचं डोकं खाली गेलं आणि त्याच्यावर पाणी मिटलं. मी ते मिटताना बघितलं. पोटात विहिरीतला तो डबा सुटला, पण डोळे उघडे राहिले.

फुगा हलला. आधी सरळ गेला, थांबला, मग डावीकडे वळला. अक्का दोन पावलं पुढे झाली. पदराची गाठ तिने मुठीत धरली होती.

"भिंतीला लागली," ती हळूच म्हणाली. "आता तशीच कडंकडंनं."

फुगा तसाच कडेकडेने गेला.

"त्यो पार. हां. तिथं जरा टेक पोरी." फुगा थांबला, खरंच थांबला, आणि बराच वेळ एका जागी डुलत राहिला. मग तो पुन्हा हळूहळू चालायला लागला.

अक्काने माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"आता आमच्या दारावरनं चाललीया," ती म्हणाली. "बघ. डोळं मिटू नगंस. बघत ऱ्हा."